‘दोनच घेतल्यात’ म्हणजे नक्की किती?

फ्रायडे नाइटच्या कुठल्याही पार्टीत बाराच्या सुमारास एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘अरे, दोनच घेतल्यात. मी चालवतो ना!’ म्हणणारा कधी टीम लीड असतो, कधी कॉलेजचा जुना दोस्त, कधी सख्खा मावसभाऊ. टेबलावरचे बाकीचे मान डोलावतात, कारण एवढ्या रात्री कॅब शोधायचा सगळ्यांनाच कंटाळा आलेला असतो. आणि त्यात एखादा नुकताच ऑनसाइटवरून परतलेला पठ्ठ्या असतोच. तो शेवटची मोहोर उठवतो. ‘यूकेत दोन पाइंट लीगल आहेत यार. स्टेट्समध्येपण चालतं. आपल्याकडेच उगाच बाऊ करतात.’

तर मंडळी, या आठवड्यात या वाक्याचीच जरा चिरफाड करू. दारू वाईट, पिऊ नका, असलं काही मी सांगणार नाही. ते सांगायला घरी आई आहे. मुद्दा एवढाच आहे की रक्तात किती दारू असली की गाडी चालवणं गुन्हा ठरतो, याचा आकडा देशागणिक बदलतो. कधीकधी तर एकाच देशात, एका पुलाच्या अलीकडे-पलीकडे बदलतो. आणि हा फंडा नीट समजला नाही तर ‘दोनच घेतल्यात’ हे वाक्य फार महागात पडतं. आपल्याला, आणि त्याहून जास्त, रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाला तरी.

आकडा एकच, वेश अनेक

आधी एक छोटा क्लास. अमेरिकेत म्हणतात ०.०८. जर्मनीत त्याच प्रमाणाला म्हणतील ०.८, म्हणजे हजारात ०.८. इंग्लंडात तेच होतं ८०, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल. तिन्ही आकडे एकाच गोष्टीचे! त्यामुळे एखादा म्हणाला, ‘अरे, युरोपात ०.५ चालतं आणि अमेरिकेत ०.०८, म्हणजे युरोप केवढा लिबरल!’ तर त्याला प्रेमाने खाली बसवा. युरोपातलं ०.५ म्हणजे ५०, अमेरिकेतलं ०.०८ म्हणजे ८०. अमेरिकाच जास्त ढिली आहे.

आपण इथे सगळीकडे इंग्लंडची आणि आपली पद्धत वापरू. १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम. सोप्पं.

पोलिस रस्त्यावर रक्त काढत नाहीत, फुंकायला लावतात. फुप्फुसातून रक्तातलं अल्कोहोल श्वासात उतरतं, त्यावरून रक्तातला अंदाज बांधतात. पण इथेही गंमत आहे. श्वासातल्या आकड्याला कितीने गुणलं की रक्तातला आकडा येतो, यावर जगाचं एकमत नाही. अमेरिकेत साधारण २१०० पट धरतात, ब्रिटनमध्ये २३००, तर फ्रान्सचा कायदा २००० पट धरून चालतो. म्हणजे तोच माणूस, तीच फुंकर, पण कागदावर तीन वेगळी उत्तरं. आणि हो, श्वास येतो फुप्फुसातून, तोंडातून नाही. त्यामुळे मिंट, मसाला पान, बडीशेप, कॉफी यांनी फक्त वास बदलतो. यंत्राला त्याचं काही पडलेलं नाही.

पासपोर्टवर शिक्का, रक्तात आकडा

आता एक छोटी वर्ल्ड टूर. खालची यादी कापून फ्रिजवर लावायला हरकत नाही. (१०० मिलिलिटर रक्तातले मिलिग्रॅम.)

० – संयुक्त अरब अमिराती, ब्राझील, हंगेरी, झेक प्रजासत्ताक. थेंबही नको.
२० – स्वीडन, नॉर्वे, पोलंड. चीनमध्ये २० ला दंड आणि लायसन्सवर गदा, ८० ला सरळ फौजदारी गुन्हा.
३० – भारत, जपान, दक्षिण कोरिया.
५० – जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, स्कॉटलंड, हाँगकाँग आणि अमेरिकेतलं एकुलतं एक राज्य, युटा.
८० – इंग्लंड, वेल्स, उत्तर आयर्लंड, सिंगापूर आणि युटा सोडून उरलेली अमेरिका.

म्हणजे आपण कडक लोकांच्या पंगतीत बसलोय. जपानच्या शेजारी, जर्मनीच्या वर. ‘आपल्याकडेच बाऊ करतात’ ही थिअरी इथेच आडवी होते. बाऊ करणारे खूप आहेत, आणि त्यातले बरेच आपल्यापेक्षा श्रीमंत, शिस्तीचे आणि चांगल्या रस्त्यांचे मालक आहेत.

पण यादीइतकी सरळ गोष्ट नाही. कॅनडात ८० ला फौजदारी गुन्हा होतो, म्हणून टोरांटोतला आपला मित्र ७० वर निवांत असतो का? अजिबात नाही. तिथले बहुतेक प्रांत ५० पासूनच जागच्या जागी लायसन्स काढून घेतात. जर्मनीत ५० खरं, पण २१ वर्षांखालच्यांना आणि नव्याने लायसन्स मिळालेल्यांना २००७ पासून शून्य. फ्रान्सने २०१५ मध्ये नवशिक्यांसाठी २० केलं. अमेरिकेत ८० ची सूट २१ वर्षांवरच्यांना. त्याखालच्या पोरापोरींना जवळपास शून्यच. ट्रक-बसवाल्यांना ४०. म्हणजे ‘त्या देशात किती चालतं?’ याचं उत्तर आधी विचारतं, ‘तू कोण? वय किती? चालवतोस काय?’

आणि चालवतोस काय म्हणजे चारचाकीच असं नाही. जर्मनीत १६० च्या पुढे गेलात तर सायकलवरही गुन्हा दाखल होतो. जपानने नोव्हेंबर २०२४ पासून सायकलवाल्यांनाही थेट शिक्षेच्या कक्षेत आणलंय.

पूल ओलांडला, कायदा बदलला

सगळ्यात भारी उदाहरण ब्रिटनचं. लंडनहून गाडी काढा, उत्तरेकडे जात राहा. ग्रेटना नावाचं छोटं गाव येतं, तिथे इंग्लंड संपून स्कॉटलंड सुरू होतो. पासपोर्ट नाही, चेकपोस्ट नाही, गाडीचा स्पीडही कमी होत नाही. पण रक्तातला परवानगीचा आकडा ८० वरून ५० वर येतो. ५ डिसेंबर २०१४ पासून हे असं आहे. अलीकडे बसून दोन पाइंट घेतलेला माणूस कायद्याने सभ्य गृहस्थ, आणि काही मीटर पुढे तोच माणूस गुन्हेगार! आयर्लंड बेटावरही तेच. दक्षिणेत ५०, उत्तरेत ८०, मधे साधा रस्ता.

आपल्याकडे मात्र उलटी गंमत आहे. दारू हा विषय राज्यांचा. त्यामुळे गुजरातेत बंदी, गोव्यात १८ व्या वर्षी खुशाल, आणि महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकसाठी पंचवीस पूर्ण हवीत. पण मोटार वाहन कायदा केंद्राचा. म्हणून ३० चा आकडा कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत एकच. सावंतवाडी सोडून बांद्याच्या पुढे गोव्यात शिरलात की बाटलीची किंमत उतरते, एज लिमिट उतरतं, मूडही बदलतो. पण ३० तसाच राहतो. कलंगुटच्या शॅकमधून भाड्याची अॅक्टिव्हा काढणाऱ्या पब्लिकने हे जरा गोंदवून घ्यावं. ‘गोव्यात सगळं चालतं’ हे टी-शर्टवर ठीक आहे, कायद्याच्या पुस्तकात नाही.

पेगचं गणित

आता येऊ मुद्द्यावर. ३० म्हणजे नक्की किती ड्रिंक्स?

हे गणित मांडायची पद्धत घालून दिली ती स्वीडनच्या एरिक विडमार्क या शास्त्रज्ञाने, १९३२ मध्ये. पोटात गेलेलं अल्कोहोल, माणसाचं वजन आणि शरीरातल्या पाण्याचं प्रमाण यावरून रक्तातला आकडा काढायचा. रिकाम्या पोटी घेतली आणि सगळी रक्तात उतरली असं धरून, अंदाजे हिशोब असा येतो.

सत्तर किलोचा पुरुष, व्हिस्कीचा एक लार्ज, म्हणजे ६० मिलिलिटर: ४० ते ४५. संपलं. एका पेगात ३० ची रेषा मागे पडली.
तोच पुरुष, साध्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली: ५५ च्या आसपास.
तोच पुरुष, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची तशीच एक बाटली: ८५ च्या वर. म्हणजे ही एक बाटली इंग्लंडातही चालत नाही!
पंचावन्न किलोची मुलगी, तोच एक लार्ज: ६५ ते ७०. आणि स्मॉल घेतला, ३० मिलिलिटरचा, तरी ३० च्या पुढे.

मुलींसाठी आकडा एवढा का चढतो? एक तर वजन कमी, आणि स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण सरासरीने कमी असतं. अल्कोहोल पाण्यात मिसळतं. पाणी कमी म्हणजे तीच दारू जास्त दाट. यात ‘कपॅसिटी’चा काही संबंध नाही. कपॅसिटी म्हणजे चढलेली न दाखवता येणं. यंत्र तुमचा अभिनय मोजत नाही.

हे आकडे म्हणजे परवानगीपत्र नव्हे हं! पोटात काय होतं, किती भराभर घेतली, लिव्हर कसं आहे, झोप झाली होती का, यावर ते वरखाली होतात. ‘माझं वजन नव्वद आहे, म्हणजे मला दीड चालतात’ असा हिशोब टिश्यूपेपरवर मांडू नका. या गणितातून घ्यायची गोष्ट एकच. भारतातला ३० हा आकडा ‘दोन चालतात’ असं सांगतच नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो ‘एकही नको’ असंच सांगतो, फक्त कायद्याच्या भाषेत. आणि इंग्लंडातली दोन पाइंटची दंतकथा? चार टक्क्यांच्या बिअरचे दोन पाइंट सत्तर किलोच्या माणसाला ७५ च्या पुढे नेतात. म्हणजे ८० च्या अगदी काठावर. बिअर जरा कडक निघाली, माणूस जरा बारीक निघाला, की गेला पलीकडे.

मग हा आकडा आला कुठून?

तुम्हाला वाटेल, डॉक्टरांनी मोजून सांगितलं असेल की इथपर्यंत सेफ, इथून पुढे धोका. तसं नाही झालं.

रक्तातल्या आकड्यावर थेट कायदा करणारा पहिला देश नॉर्वे. साल १९३६, मर्यादा ५०. पुढे २००१ मध्ये त्यांनी ती २० वर आणली. स्वीडन १९९० मध्येच २० वर गेला होता.

रस्त्यावर फुंकून मोजायचं यंत्र आलं १९५४ मध्ये. ते बनवलं अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या पोलिसदलातल्या रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी. त्यांनीच १९६२-६३ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात एक मोठा अभ्यास केला. अपघात झालेले जवळपास सहा हजार ड्रायव्हर आणि त्याच रस्त्यांवरून नीट गेलेले साडेसात हजारांवर ड्रायव्हर, यांच्या श्वासातली दारू मोजून तुलना केली. निष्कर्ष असा की ४० च्या पुढे धोका वाढायला लागतो, आणि ८० नंतर तो अक्षरशः उसळी मारतो.

ब्रिटनने १९६७ च्या कायद्यात ८० घेतलं ते याच उसळीकडे बघून. तेव्हाच्या वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल. बाईंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे पबवाल्या पुरुषमंडळींनी त्यांच्यावर काय काय तोंडसुख घेतलं असेल, कल्पना करा. तरी त्यांनी कायदा रेटला.

पण लक्षात घ्या, ८० ही ‘इथपर्यंत सेफ’ अशी रेषा नव्हतीच. ती ‘इथून पुढे सहनच करणार नाही’ अशी रेषा होती. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. दोन कामांवर एकदम लक्ष ठेवणं, पटकन ब्रेक मारणं, समोरच्या हेडलाइटचं अंतर ओळखणं, हे सगळं आपल्याला ‘मस्त नॉर्मल’ वाटत असतानाच ढेपाळायला लागतं. किती ढेपाळलेलं आपण चालवून घ्यायचं, हा मग समाजाचा निर्णय. स्वीडनला एक आकडा पटतो, सिंगापूरला दुसरा. लिव्हर मात्र सगळ्यांचं सारखंच.

आकडा उतरवला की अपघात उतरतात?

प्रामाणिक उत्तर: कधी हो, कधी नाही.

युटाने ३० डिसेंबर २०१८ पासून ८० चे ५० केले. तेव्हा हॉटेलवाल्यांनी बोंब ठोकली होती. नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय रस्ता सुरक्षा यंत्रणेने अभ्यास केला. २०१६ च्या तुलनेत २०१९ मध्ये युटातल्या जीवघेण्या अपघातांचं प्रमाण १९.८ टक्क्यांनी घटलं होतं, उरलेल्या अमेरिकेत ५.६ टक्क्यांनी.

स्कॉटलंडने नेमका तोच बदल केला, ८० चे ५०. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अभ्यास छापला. इंग्लंड-वेल्सशी तुलना करून पाहिलं, तर अपघातांत घट दिसली नाही. कायदा बदलला, रस्ता नाही बदलला.

तोच बदल, मग निकाल वेगळा का? यावर ऑस्ट्रेलियाकडे बघा. न्यू साउथ वेल्सने १९८० मध्ये मर्यादा ५० केली. पण मृत्यूंचा आकडा ठळकपणे खाली आला तो डिसेंबर १९८२ नंतर, जेव्हा पोलिसांनी संशय असो-नसो, कुणालाही थांबवून फुंकायला लावायला सुरुवात केली. म्हातारे, मंत्री, नवरदेव, कुणीही. आज संध्याकाळी आपण पकडले जाऊ शकतो, ही भीती खरी झाली. ब्रिटनमध्ये पोलिस गाडी कुणाचीही थांबवू शकतात, पण असं सरसकट फुंकायला लावू शकत नाहीत. त्यासाठी दारूचा संशय, वाहतुकीचा गुन्हा किंवा अपघात लागतो. म्हणजे पुस्तकातला आकडा एकटा काही करत नाही. तो मोजणारा कुणीतरी रस्त्यावर उभा असावा लागतो, आणि मोजलेलं खरं राहावं लागतं.

हे शेवटचं वाक्य पुणेकरांना वेगळं समजावून सांगायला नको. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शेने बाइकवरच्या दोन तरुण इंजिनीअर्सना उडवलं. दोघंही गेले. तुमच्या-माझ्यासारखे, वीकेंडला बाहेर पडलेले. आणि त्यानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मर्यादा ३० असो, २० असो की शून्य, बाटलीतलं रक्तच दुसऱ्याचं असेल तर सगळे आकडे झूठ.

आपला ३०, आपला कायदा

मोटार वाहन कायदा, कलम १८५. १ सप्टेंबर २०१९ पासून शिक्षा वाढली. पहिल्यांदा पकडलात तर दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परत पकडलात तर पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याआधी पहिला दंड दोन हजारापर्यंतच होता, म्हणून ‘पावती फाडू आणि निघू’ ही सवय आपल्या डोक्यात अजून घर करून आहे. आता ‘मामा, अॅडजस्ट करा ना’ म्हणण्याआधी सहा महिने हा शब्द आठवा.

कुणाला अपघात होऊन मेला, तर हे कलम म्हणजे फक्त सुरुवात. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटे एक गाडी फुटपाथवर चढली. तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात जण मेले. चालवणाऱ्या तरुणाच्या रक्तात ११२ सापडलं. त्याची तीन वर्षांची कैद सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१२ मध्ये कायम केली. ११२ हा आकडा वरच्या यादीतल्या कुठल्याच देशात चालत नाही. आणि पाच-सहा तासांच्या पार्टीत ११२ गाठायला किती लागतात, ते वरच्या हिशोबावरून तुम्हीच काढा. फार नाही लागत.

आणि सकाळचं काय?

हा पॉइंट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. शरीर दारू काढून टाकतं ते आपल्या ठरलेल्या वेगाने. तासाला साधारण १५. लिंबूपाणी प्या, थंड शॉवर घ्या, फिल्टर कॉफीचे तीन कप ढोसा, वेग तोच. कॉफीने दारुडा शुद्धीवर येत नाही, जागा दारुडा होतो!

आता हिशोब बघा. सत्तर किलोचा गडी, रात्री नऊ ते एक, पाच लार्ज. एक वाजता रक्तात दीडशेच्या आसपास. तिथून ३० वर यायला आठ तासांहून जास्त. म्हणजे सकाळी नऊ वाजून गेलेले. आणि साहेब साडेआठलाच बाइकला किक मारून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये शिरलेले असतात. फॉर्मल शर्ट, गळ्यात आयकार्ड, पाठीला लॅपटॉप, आणि रक्तात तीसच्या वर. रात्री शहाण्यासारखी कॅब केली, पण सकाळी स्वतःच निघाले. अपघात झाला, रक्त तपासलं, तर कायद्याला ‘रात्रीची आहे हो’ हे कारण चालत नाही.

ऑनसाइट जाणाऱ्यांनो

बॅगेत थेपले, चिवडा, प्रेशर कुकर भरताना ही माहितीही भरा.

अमेरिकेत विझावर असाल तर पैशांच्या दंडापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं विझा रद्द करू शकतं. हे धोरण नोव्हेंबर २०१५ पासूनचं. दोषी ठरण्याची वाट बघितलीच पाहिजे असं नाही. इएमआय पुण्यातल्या फ्लॅटचा, आणि विझा एका बारच्या पार्किंगमध्ये अडकलेला!

इंग्लंडात दोषी ठरलात तर किमान बारा महिने गाडी बंद.

जपानची तर बातच वेगळी. २००६ मध्ये फुकुओकात एका दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने पुलावर दुसऱ्या गाडीला धडक दिली. ती गाडी समुद्रात पडून तीन लहान मुलं गेली. देश हादरला. २००७ मध्ये कायदा असा कडक झाला की चालवणाऱ्यासोबत त्याला दारू देणारा, गाडी देणारा आणि माहीत असून शेजारी बसलेला, हे सगळेही शिक्षेला पात्र. विचार करा, तो नियम आपल्या फ्रायडे नाइटला लावला तर टेबलावरचे किती जण आत जातील? मान डोलावणारे सगळेच.

दुबईला नातेवाइकांकडे चालला असाल, तर तिथे हिशोबाची गरजच नाही. शून्य म्हणजे शून्य. परवानगीच्या हॉटेलात बसून प्या, पण किल्लीला हात लावू नका.

मग करायचं काय?

‘किती घेतली तर चालेल?’ हा प्रश्न सोडून द्या. जगात त्याची पाच-सहा वेगवेगळी उत्तरं आहेत, आणि तुमचं शरीर त्यातलं एकही पाळत नाही. त्याऐवजी पहिला ग्लास भरायच्या आधी दुसरा प्रश्न विचारा. घरी कसं जायचंय?

गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्येच राहू द्या. ग्रुपमध्ये एक जण न पिणारा असतोच, त्याच्या जेवणाचं बिल बाकीच्यांनी भरा, त्याला कोपऱ्यात बसवून चिडवू नका. तासाच्या हिशोबाने ड्रायव्हर मिळतात, त्यातल्या एकाचा नंबर सेव्ह करा. उशीर झाला तर मित्राच्या हॉलमध्ये गादी टाका. आणि रात्र जोरदार झाली असेल, तर सकाळीही कॅब, बस, लोकल, काहीही. फक्त स्वतःची किल्ली नको.

शेवटची गोष्ट त्या मान डोलावणाऱ्यांसाठी. ‘दोनच घेतल्यात, मी चालवतो’ असं कुणी म्हणालं की बिनधास्त हात पुढे करा आणि किल्ली मागा. तो चिडेल. ‘एवढा विश्वास नाही का?’ असं म्हणेल. म्हणू दे. दोस्त रुसला तर सोमवारी चहावर मनवता येतो.